यामाहा आर-३: इंडोनेशियाला सर्किट शर्यतींतला पहिला जगज्जेता देणारी मोटरसायकल

ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनमधील हेरेझच्या सर्किटवर वर्ल्ड सुपरस्पोर्ट ३०० या लहान इंजिनांच्या मोटरसायकलींच्या जागतिक वर्गाचा हंगाम संपला, तेव्हा अल्दी सत्य महेंद्र हा अवघ्या अठरा वर्षांचा इंडोनेशियन रायडर त्या वर्गाचा विजेता ठरला होता. सर्किटवरील मोटरसायकल शर्यतींचे जागतिक अजिंक्यपद मिळवणारा तो पहिलाच इंडोनेशियन. त्याच्या हाताखाली होती ती यामाहा वायझेडएफ-आर३, म्हणजे जी गाडी डिसेंबर २०२३ पासून आपल्याकडच्या शोरूममध्ये इंडोनेशियाहून तयार स्थितीत येऊन उभी राहिली आणि जिची किंमत ऐकून बहुतेक गिऱ्हाईक पलीकडच्या, यामाहाच्याच लहान आर-१५ कडे वळले. शर्यतीत जिंकणारी गाडी विकत घेण्याजोगी असतेच असे नाही. आर-३ च्या बाबतीत मात्र या दोन गोष्टींचा संबंध नेहमीपेक्षा जवळचा आहे, आणि म्हणूनच तिचे परीक्षण करताना अल्दी आणि त्याच्या आधीचा इंडोनेशियन रायडर गालांग हेंद्र प्रतामा यांची कारकीर्द बाजूला ठेवता येत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो: गाडी चालवायला शिकवण्याच्या बाबतीत या किमतीच्या आसपास हिच्यासारखी दुसरी मला आढळली नाही, पण विक्रीचा माल म्हणून भारतात तिची मांडणी सुरुवातीला साफ चुकली होती.

या गाडीचा जन्म इंडोनेशियातील करपद्धतीशी बांधलेला आहे. तिथे २५० सीसीच्या वरच्या मोटरसायकलींवर चैनीच्या वस्तूंचा भारी कर लागतो, त्यामुळे मध्यमवर्गीय तरुणाची स्पोर्ट बाइक २५० सीसीच्या रेषेवर येऊन थांबते. यामाहाने २०१४ मध्ये तिथल्या बाजारासाठी २४९ सीसीची, दोन सिलिंडरांची आर-२५ आणली, आणि त्याच इंजिनाच्या सिलिंडरांचा व्यास ६० मिलिमीटरवरून ६८ वर नेऊन, पिस्टनची ४४.१ मिलिमीटरची धाव तशीच ठेवून, ३२१ सीसीची आर-३ तयार केली. गंमत अशी की ही मोठी बहीण इंडोनेशियातच बनते, पण ती मुख्यतः परदेशी पाठवण्यासाठी. तिथला तरुण रस्त्यावर चालवतो ती आर-२५. अल्दी किंवा गालांग यांच्यासारख्या रायडरला त्यामुळे युरोपात गेल्यावर जी गाडी मिळते ती परकी नसते. आशियाई रोड रेसिंग अजिंक्यपदाच्या २५० सीसी वर्गात जिच्यावर तो वाढला, तिचेच इंजिन थोडे रुंद होऊन त्याच्या समोर येते. बसण्याची ढब, चौकट, इंजिनाचा स्वभाव, सगळे ओळखीचे. नवख्याचा पहिला हंगाम अर्धा गाडी समजून घेण्यातच जातो. इथे तो वेळ वाचतो.

गालांगने याचा पुरावा फार लवकर दिला. सुपरस्पोर्ट ३०० हा वर्ग २०१७ मध्ये सुरू झाला आणि त्याच पहिल्या हंगामाच्या शेवटच्या फेरीत, हेरेझलाच, वाइल्ड कार्डवर उतरलेल्या या योग्यकार्ताच्या मुलाने शर्यत जिंकली. पूर्ण हंगाम खेळणारे रायडर मागे पडले आणि पाहुणा म्हणून आलेला पहिला आला. पुढच्या वर्षी तो पूर्णवेळ त्या वर्गात उतरला आणि झेक प्रजासत्ताकातील ब्रनोची शर्यतही त्याने जिंकली. ज्यांनी या वर्गाच्या शर्यती पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की तिथे पंधरा-वीस गाड्यांचा घोळका शेवटच्या फेरीपर्यंत एकत्रच धावत असे, कारण कोणाकडेच दुसऱ्याला सोडून निघून जाण्याइतकी ताकद नसे. नियमांनी प्रत्येक मॉडेलला इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा आणि किमान वजन ठरवून दिलेले असे, टायर सगळ्यांचे एकाच कंपनीचे असत, आणि सरळ पट्ट्यावर पुढच्याच्या आडोशाने हवेचा रोध टाळत वेग मिळवणे हाच ओलांडून जाण्याचा एक हमखास मार्ग असे. अशा शर्यतीत वळणात शिरताना कमीत कमी वेग गमावणारा आणि बाहेर पडताना लवकरात लवकर गॅस देऊ शकणारा रायडर जिंकत असे. आर-३ नेमकी याच कामासाठी घडवल्यासारखी वाटते.

रस्त्यावरही हेच जाणवते. मुळशीकडून ताम्हिणी घाट उतरताना, पावसाळा संपून रस्ता कोरडा झालेला असताना, तिसऱ्या गिअरमध्ये साडेसात-आठ हजार आरपीएमवर हिला ठेवले की गाडी स्वतःच लय पकडते. हँडलला हलका दाब दिला की ती ज्या कोनात झुकते त्याच कोनात टिकून राहते. मध्येच मन बदलले आणि वळणातली वाट थोडी आत घ्यावी वाटली तर तेही विनातक्रार करते. १६९ किलो वजन कागदावर फार कमी नाही, पण ते इतके खाली आणि इतके मध्यावर आहे की हलत्या गाडीत जाणवत नाही. पुढचे ११० आणि मागचे १४० मिलिमीटर रुंदीचे टायर पाहून पोरे नाक मुरडतात, कारण आपल्याकडे मागचा टायर जितका रुंद तितकी गाडी भारी असा समज आहे; पण याच अरुंद टायरांमुळे एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर वळणे इतके सहज होते. सीटची उंची ७८० मिलिमीटर, त्यामुळे साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही पाय सिग्नलला नीट टेकतात. हँडल फार खाली नाही, मनगटांवर भार येत नाही आणि पुणे ते महाड असा प्रवास पाठीला त्रास न देता होतो. स्पोर्ट बाइक म्हणून हे दिसायला थोडे सौम्य आहे, याची मला कधीच खंत वाटली नाही.

इंजिनाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. ४२ पीएस ताकद १०,७५० आरपीएमवर आणि २९.५ न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क ९,००० वर, हे आकडे पाहिले की गाडी वरच्या फेऱ्यांतच जगते असे वाटेल. प्रत्यक्षात चार हजारांपासून ती पुरेशी ओढते, शहरात सतत गिअर बदलावे लागत नाहीत, आणि सात हजारांच्या पुढे आवाजाचा पोत बदलून एक ताठर, धातूसारखा सूर येतो. १८० अंशांच्या क्रँकमुळे आवाजात एक तुटकपणा आहे जो काहींना शिवणयंत्रासारखा वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो. कंप हँडलवर आणि पायखुंट्यांवर साडेआठ हजारांच्या पुढे येतात, पण ते मुंग्या आणणारे नाहीत. गॅसचा प्रतिसाद केबलवरचा, म्हणजे मनगट आणि इंजिन यांच्यामध्ये कोणताही संगणक मध्यस्थ नाही, आणि तो इतका सरळ रेषेत येतो की वळणाच्या मध्यावर चुकून जास्त गॅस दिला तरी मागचे चाक दगा देत नाही. इथेच ही गाडी शिक्षक म्हणून मोठी ठरते. ती चूक लपवत नाही, पण चुकीबद्दल लगेच शिक्षाही करत नाही.

आता उणिवा. भारतात आलेल्या आर-३ मध्ये स्लिपर क्लच, म्हणजे घाईने गिअर उतरवताना मागच्या चाकाला बसणारा झटका सौम्य करणारा क्लच, नव्हता. ताम्हिणीच्याच उतारावर, चौथ्यातून दुसऱ्यात घाईने उतरून क्लच एकदम सोडला की मागचे चाक क्षणभर थबकून उड्या मारते, आणि ते टाळायचे असेल तर प्रत्येक गिअर उतरवताना गॅसची एक छोटी झुळूक देण्याची जुनी सवय अंगवळणी पाडावी लागते. ही सवय चांगलीच आहे, पण त्या वेळी साडेचार लाखांच्या वर किंमत मागणाऱ्या कंपनीने ती सक्तीने शिकवावी हे पटत नाही. मागचे चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल नाही, क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर नाही, मोबाइल जोडण्याची सोय नाही. एलसीडी पट्टी वाचायला स्वच्छ आहे, गिअर दाखवते, पण तिच्यात पाहण्यासारखे फार काही नाही. पुढच्या सस्पेन्शनचे उलटे फोर्क दिसतात दमदार, मात्र त्यांत काहीही जुळवून घेता येत नाही. मागे फक्त स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो. ८० किलोच्या माणसाने मागे कोणाला बसवून खराब रस्त्यावर जोरात नेली तर पुढचा भाग ब्रेकवर जरा जास्तच बुडतो. २९८ मिलिमीटरची पुढची एकच डिस्क थांबवण्याचे काम चोख करते, परंतु पहिल्या स्पर्शाला ती थोडी मऊ वाटते, आणि ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारे एबीएस दोन्ही चाकांना असले तरी ते खडबडीत डांबरावर जरा लवकर जागे होते. जागतिक बाजारात २०२५ साठी आलेल्या नव्या आवृत्तीत स्लिपर क्लच आणि मोबाइल जोडणी या दोन्ही गोष्टी आल्या, म्हणजे उणीव कंपनीलाही मान्य होती.

किमतीची गोष्ट तर डोके धरायला लावणारी. २०१५ मध्ये हीच गाडी भारतात जुळणी होऊन ३.२५ लाखांना आली होती. प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले त्या वेळी ती गेली, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये तयार आयात म्हणून परतली तेव्हा शोरूम किंमत ४.६५ लाख. त्याच महिन्यात गोव्यातील इंडिया बाइक वीकमध्ये एप्रिलियाने आरएस ४५७ सादर केली, किंमत ४.१० लाख, ताकद ४७.६ पीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्लिपर क्लच सकट, आणि ती बनते आपल्या बारामतीत. चाकणला बनणारी केटीएम आरसी ३९० त्या वेळी सव्वातीन लाखांच्या आतच होती आणि तिच्यात क्विकशिफ्टरही होता. मग आर-३ कोणी का घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याकडे नव्हते, आणि खरे सांगायचे तर असायची शक्यताही नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये यामाहाने किंमत एका झटक्यात लाखाहून अधिक उतरवून ३.६० लाखांवर आणली, तेव्हा कुठे हिशेब जमू लागला. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३२१ सीसीची ही गाडी त्या रेषेच्या आत असल्याने तिला त्याचाही फायदा झाला. इंडोनेशियात २५० ची रेषा जिला आडवी आली, तिला भारतात ३५० च्या रेषेने हात दिला, एवढीच तिच्या नशिबाची भरपाई.

चाकणचा उल्लेख आला म्हणून एक बाब नोंदवावीशी वाटते, कारण मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक आहे. अल्दीच्या आधीच्या वर्षी, २०२३ मध्ये, सुपरस्पोर्ट ३०० चे अजिंक्यपद नेदरलँड्सच्या जेफ्री बाउसने केटीएम आरसी ३९० आर वर मिळवले होते, आणि त्या शर्यतीच्या गाडीचे रस्त्यावरचे मूळ रूप चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडते. म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत हे जागतिक पद आशियात बनणाऱ्या दोन गाड्यांच्या वाट्याला आले, एक महाराष्ट्रातली आणि एक इंडोनेशियातली. फरक इतकाच की इंडोनेशियन गाडीवर बसलेला मुलगाही इंडोनेशियन होता. चाकणच्या गाडीवर बसायला आपला मुलगा का नव्हता, याचे उत्तर गाडीत नसून तिच्या भोवतीच्या व्यवस्थेत आहे. इंडोनेशियात लहान वयातच मुले ११० ते १५० सीसीच्या बेबेक गाड्यांवर, म्हणजे मधून पाय टाकून बसता येईल अशा खाली झुकलेल्या चौकटीच्या साध्या दुचाकींवर, गावोगावच्या तात्पुरत्या सर्किटांवर शर्यती खेळतात. तिथून एकाच मॉडेलच्या स्पर्धा, मग आशियाई अजिंक्यपद, आणि त्यांतून निवडलेल्यांना इटलीत तावुल्याजवळ प्रसिद्ध इटालियन रायडर व्हॅलेंटिनो रॉसीच्या संस्थेबरोबर यामाहा २०१६ पासून भरवत असलेल्या शिबिरासारखी संधी, असा चढता मार्ग आखलेला आहे. त्या मार्गात आर-२५ आणि आर-३ या दोन पायऱ्या आहेत. त्या नसत्या तर बेबेकवरून एकदम ६०० सीसीवर उडी घ्यावी लागली असती.

तरी या पायरीची उंची किती, हेही पाहायला हवे. आर-३ जे शिकवते त्याच्या पलीकडचे बरेच काही ती शिकवत नाही, आणि गालांगच्या पुढच्या वाटचालीत ते स्पष्ट दिसले. २०२० मध्ये तो त्याच्या वरच्या वर्ल्ड सुपरस्पोर्ट वर्गात यामाहाच्या ६०० सीसीच्या आर-६ वर गेला, २०२१ मध्ये तर त्याला टेन केटसारखा नावाजलेला संघ मिळाला. त्याच संघातील डोमिनिक एगर्टर त्या वर्षी विजेता झाला. गालांगला पुढच्या फळीत स्थान मिळवता आले नाही. ४२ पीएसच्या गाडीवर वळणातला वेग टिकवणे हेच सर्वस्व असते. १२० पीएसच्या आसपासच्या गाडीवर मात्र वळण लवकर संपवून, गाडी उभी करून, मागच्या टायरला न जाळता ताकद जमिनीत उतरवावी लागते, आणि ब्रेक खूप उशिरा, खूप जोरात लावून पुढचे टोक काबूत ठेवावे लागते. आर-३ वर हे शिकण्याची गरजच पडत नाही, कारण तिच्याकडे तितकी ताकद नाही आणि तितके कडक सस्पेन्शनही नाही. ज्या क्षमाशीलपणाचे मी वर कौतुक केले तोच इथे आडवा येतो. गालांगच्या गुणवत्तेविषयी यातून शंका घेणे अन्यायाचे होईल. वाइल्ड कार्डवर येऊन जागतिक शर्यत जिंकणे हे नशिबाने घडत नाही.

उलट बाजूने पाहायचे तर आधीच्या पिढीला हीसुद्धा पायरी नव्हती. दोनी ताता प्रादिता हा इंडोनेशियाचा रायडर २००८ मध्ये २५० सीसीच्या ग्रांप्रीचा पूर्ण हंगाम यामाहाच्या टीझेड २५० वर खेळला, जी तोवर युरोपीय कारखान्यांच्या गाड्यांपुढे केव्हाच जुनी झाली होती, आणि नंतर २०१३ मध्ये त्याला ग्रेसिनी संघातर्फे मोटो-२ मध्ये, म्हणजे मोटोजीपीच्या एक पायरी खालच्या वर्गात, आणखी एक हंगाम मिळाला. दोन्ही वेळा तो शेपटाकडेच राहिला. त्याला मिळालेली वाट म्हणजे घरच्या स्पर्धेतून थेट जगातल्या सर्वांत कठीण वर्गांपैकी एकात. अल्दीला तसे करावे लागले नाही. २०२५ मध्ये तो वर्ल्ड सुपरस्पोर्टमध्ये यामाहाच्या ८९० सीसी, तीन सिलिंडरांच्या आर-९ वर उतरला. ही गाडी जुन्या आर-६ पेक्षा खालच्या फेऱ्यांत अधिक ओढते आणि तिचा स्वभाव आर-३ च्या विद्यार्थ्याला थोडा अधिक समजेल असा आहे. सुपरस्पोर्ट ३०० हा वर्ग मात्र त्या हंगामाबरोबर संपला आणि त्याची जागा ‘स्पोर्टबाइक’ या मोठ्या यंत्रांच्या वर्गाने घेतली. त्यामुळे आर-३ वर या वर्गाचे जागतिक पद मिळवणाऱ्यांच्या यादीत अल्दीचे नाव शेवटचे राहील.

विकत घेणाऱ्यासाठी याचा अर्थ काय? ज्याला शोरूमबाहेर उभी करून वैशिष्ट्यांची यादी वाचून दाखवायची आहे त्याने बारामतीची एप्रिलिया घ्यावी, त्याचे पैसे वाया जाणार नाहीत. ज्याला कमी खर्चात जास्त आक्रमक गाडी हवी आहे त्याला चाकणची आरसी ३९० आहेच. पण १५०-२०० सीसीवरून वर येणारा, घाटात नीट वळायला शिकू इच्छिणारा, अधूनमधून कोइम्बतूरच्या किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर जाण्याची हौस असलेला, आणि पाच-सात वर्षे गाडी सांभाळण्याचा विचार असलेला माणूस असेल तर त्याने आर-३ चालवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. इंजिन टिकाऊ आहे, पेट्रोल माझ्या हातात लिटरला पंचवीस किलोमीटरच्या आसपास जाते, १४ लिटरची टाकी त्या हिशेबाने पुरेशी आहे. आयात गाडी असल्याने पडझडीनंतर लागणारे फेअरिंगचे भाग किती दिवसांत मिळतील हे पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. वापरलेली गाडी पाहत असाल तर डिसेंबर २०२३ पूर्वीच्या भारतीय गाड्यांचे साधे फोर्क आणि नंतरचे उलटे फोर्क यांतला फरक लक्षात ठेवून भाव करावा, आणि २०१८ च्या आधीच्या भारतीय गाड्यांना एबीएस नव्हते हे विसरू नये. स्लिपर क्लच बाहेरून बसवून मिळतो. नव्या टायरांच्या आधी खर्च करायचा असेल तर तो त्यावर करावा.